लहान अंगाचे तीन जुने सूझाफोन

पुतणी चौदा वर्षांची, उंची चार फूट दहा इंच, आणि तिला बासच वाजवायचा आहे. दोन वर्षं युफोनियम हे बासहून लहान पितळी वाद्य वाजवून तिचा दम बसलाय, ओठ तयार झालेत. गेल्या चतुर्थीत विसर्जनाला निघालो तेव्हा तिने माझा सूझाफोन मागितला. सूझाफोन म्हणजे बासचं ते पितळी वाद्य, ज्याच्या नळीचं मोठं कडं अंगाभोवती येतं आणि भोंगा डोक्यावर समोर उघडतो. मी तो तिच्या डाव्या खांद्यावर चढवला. माझा सूझाफोन मेरठला घडलेला, भोंगा २६ इंचांचा, वजन साडेचौदा किलो. कड्याचा खालचा भाग तिच्या गुडघ्यावर आपटत होता आणि माउथपीस थेट नाकाच्या वर येत होता. मान उंच करून तिने दोन सूर काढले, दहा पावलं चालली आणि म्हणाली, "काका, सूर येतोय, पण रस्ता दिसत नाही."

तिथून माझा शोध सुरू झाला. अठ्ठावीस वर्षं मी गोव्यातल्या बँडांत बास वाजवतोय. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, पहाटे बँड वाजतो ती अल्वोराद, कार्निव्हल, जत्रा, लग्नं, अंत्ययात्रा, सगळीकडे हेच वाद्य खांद्यावर. तरी लहान अंगाचा सूझाफोन कसा ओळखायचा हे मला या सहा महिन्यांत नव्याने शिकावं लागलं. तीन वाद्यं मी नीट तपासली, वाजवली, काट्यावर तोलली. त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितोय, कारण मी शोधत होतो तेव्हा मराठीत असं काही वाचायला मिळालं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

जुनंच का, हे आधी सांगतो. बाहेरून नवा, लहान मापाचा मागवणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. आणि आपल्या गोव्यात जुनी वाद्यं घराघरांत पडून आहेत. चर्चच्या शाळांतून सोल्फा आणि नोटेशन शिकलेले गोंयकार वादक पोलिसांच्या बँडांत, संस्थानिकांच्या बँडांत, मुंबईच्या ऑर्केस्ट्रांत आणि बोटींवर कामाला गेले. परत आले ते वाद्य घेऊन. ती पिढी गेली आणि वाद्यं खाटेखाली किंवा माळ्यावर राहिली.

'लहान' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि विकणारा त्या एकमेकींत मिसळतो. भोंगा लहान असणं ही एक गोष्ट. पण भोंगा तीन स्क्रूंनी कॉलरवर बसतो, काढला की वेगळा होतो, त्यामुळे मोठ्या अंगावर दुसरा लहान भोंगा बसवलेलाही सापडतो. वेटोळं लहान असणं ही दुसरी. नळीची लांबी तेवढीच, पण गुंडाळी घट्ट. आणि तिसरी गोष्ट म्हणजे नळीच आखूड असणं, म्हणजे वाद्यच वरच्या पट्टीचं असणं. नेहमीचा सूझाफोन बी फ्लॅटचा, त्याची नळी सरळ केली तर सुमारे साडेपाच मीटर भरते. ई फ्लॅटची भरते सुमारे चार मीटर. दीड मीटर पितळ कमी झालं की अंग आपोआप लहान होतं. १९२० च्या दशकात अमेरिकेतले कारखाने एकाच पट्टीचे सूझाफोन वेगवेगळ्या मापांत काढायचे आणि त्यांना भारदस्त नावं द्यायचे. त्या नावांवरून माप कळत नाही. सुतळी घ्या, टेप घ्या आणि कड्याच्या आतला व्यास मोजा.

पट्टी ओळखणं मात्र टेपचं काम नव्हे, कानाचं आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. विकणारा म्हणतो, "बी फ्लॅटच आहे, ऐका," आणि एकही वाल्व, म्हणजे बोटाने दाबायचा दट्ट्या, न दाबता बी फ्लॅट वाजवून दाखवतो. पेटीची काळी पाच. तुम्ही ट्यूनरवर बघता, काटा बरोबर मध्ये. पण हाच सूर, याच सप्तकातला, ई फ्लॅटच्या वाद्यावरही वाल्व न दाबता निघतो. मग फरक कसा ओळखायचा? त्या सुराला सा धरा. वाल्वला हात न लावता फक्त ओठ आवळून लगेच वरचा सूर काढा. तो शुद्ध ग लागला तर वाद्य बी फ्लॅटचं. तो म लागला तर ई फ्लॅटचं. आता ओठ सैल सोडून लगेच खालचा काढा. बी फ्लॅटवर मंद्रातला प येतो, ई फ्लॅटवर मंद्रातला म. भजनाला बसणाऱ्या कुठल्याही माणसाला हा फरक अंधारातसुद्धा कळेल. मी ही कसोटी पुतणीला शिकवली आणि पुढच्या तिन्ही ठिकाणी पहिला निर्णय तिच्या कानाने दिला.

पहिलं वाद्य गोव्यातल्याच सासष्टीत, जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांकडे. फोनवर त्यांनी "शंभर वर्षांचा लहान सूझाफोन" सांगितलं होतं. गेलो तर पितळ आरशासारखं लखलखत होतं आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. भोंगा अंगाशी अखंड होता, कॉलर नाही, स्क्रू नाहीत, आणि तोंड समोर न वळता डोक्याच्या बाजूने तिरकं वर गेलेलं. रुंदी जेमतेम पंधरा इंच. हा सूझाफोन नव्हे, हेलिकॉन. हेलिकॉन हे आधीचं वाद्य, १८४० च्या दशकात व्हिएन्नात तयार झालेलं, खांद्यावरून अंगाभोवती घालायचं. लष्करी बँडांनी ते उचललं. पुढे अमेरिकेत बँडमास्तर जॉन फिलिप सूझा यांना त्यांच्या बँडसाठी असं वाद्य हवं होतं की ज्याचा सूर एका बाजूला न फेकला जाता वर उठून सगळ्या बँडवर पसरेल. १८९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या जे. डब्ल्यू. पेपर यांनी तसं एक केलं, १८९८ मध्ये कॉन कारखान्याने आपलं केलं. तेव्हा भोंगा सरळ आकाशाकडे असायचा आणि तिकडचे वादक त्याला पावसाचं पाणी झेलणारा म्हणायचे. समोर वळलेला भोंगा त्यानंतर आला. आपल्या मिरवणुकांत दिसतो तो हाच समोर वळलेला.

हेलिकॉन वाईट वाद्य नाही. पुतणीच्या खांद्यावर ते छान बसलं, अंग लहान, वजन नऊ किलोंच्या आत. तिने सा वाजवला, वर म आला, म्हणजे ई फ्लॅट. पण ट्यूनर लावला तर एकेक सूर जवळजवळ अर्ध्या पट्टीने चढा, म्हणजे पेटीच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये अडकलेला. कारण जुनं आहे. ब्रिटिश ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत चढ्या पट्टीत वाजत, त्यांचा ए हा सूर सुमारे ४५२ हर्ट्झचा. आजचा ए ४४० चा. लंडनकडून आलेली जुनी वाद्यं हातात घेताना हे आधी तपासायला हवं. काही जुन्या वाद्यांवर एच. पी. किंवा एल. पी. अशी अक्षरं ठोकलेली असतात, चढी पट्टी आणि उतरती पट्टी. उतरवायचं म्हटलं तर चार मीटरच्या नळीत सुमारे अकरा सेंटिमीटर भर घालावी लागते, म्हणजे मुख्य स्लाइड, ती सरकणारी दुहेरी नळी, साडेपाच सेंटिमीटर बाहेर. तेवढ्याने भागत नाही, तिन्ही वाल्वच्या स्लाइडही त्याच प्रमाणात लांबवाव्या लागतात, नाही तर एक सूर बरा आणि दुसरा बेसूर.

मी या हेलिकॉनवर अक्षरं शोधली. सापडली नाहीत, कारण त्या गृहस्थांनी वाद्य बफिंगच्या चाकावर धरून घासून घेतलं होतं. दुसऱ्या वाल्वच्या कोठीवर, म्हणजे बाहेरच्या नळकांड्यावर, नंबराच्या जागी नुसती गुळगुळीत खळगी होती. कोरलेलं नाव बोटाला लागत होतं, डोळ्यांना वाचता येत नव्हतं. लखलखीत वस्तूला गिऱ्हाईक जास्त येतं हे खरं, पण जुन्या वाद्याचं पितळ आधीच पातळ असतं. चाकावर ते आणखी झिजतं आणि त्याची ओळख कायमची जाते. मला त्याचं फार वाईट वाटलं. कुणाच्या तरी आजोबांनी ज्यावर पोट भरलं त्या वाद्याचं नावही आता कुणाला सांगता येणार नाही. शोकेसमध्ये ठेवायला ते ठीक आहे, बँडमध्ये नको.

दुसरं वाद्य म्हापशाच्या बाजूला, एका बंद पडलेल्या बँडच्या सामानातलं. भोंग्यावर 'पॅन अमेरिकन' आणि खाली 'एल्कहार्ट'. हे नाव बघून नाक मुरडणारे वादक मला भेटलेत. पॅन अमेरिकन ही एल्कहार्टच्या कॉनचीच दुसऱ्या फळीची छाप. नक्षी साधी, मुलामा साधा, पण घडवणारे हात त्याच गावचे. छापेवरून वाद्य जोखायचं नाही हे इथे परत सांगतो. त्या काळी कारखाने दुकानदारांच्या नावानेही वाद्यं काढून देत, त्यामुळे भोंग्यावरचं नाव विकणाऱ्याचं असू शकतं. घडवणारा ओळखायचा तर वाल्वच्या कोठ्यांमधलं अंतर, नळ्यांना जोडणारे आधार आणि त्यांची पावलं, सांध्यांवरच्या कड्या, नंबर कुठे ठोकलाय, हे सगळं एखाद्या खात्रीच्या वाद्याशेजारी ठेवून बघायचं. मी नंतर पाहिलेल्या तिसऱ्या वाद्याचे फोटो मोबाइलमध्ये शेजारी लावून बघितले आणि आधारांची घडण दोन्हींकडे सारखीच निघाली.

कसोटीत वर ग आला. म्हणजे पुरा बी फ्लॅट, साडेपाच मीटर नळी, पण गुंडाळी घट्ट. कड्याचा आतला व्यास माझ्या मेरठवाल्यापेक्षा चार बोटं कमी. भोंगा २४ इंच. किराणा दुकानाच्या काट्यावर साडेअकरा किलो. आवाज भरदार, खालचा सा काहीही न करता लागतो, वाल्व दाबायलाच नको. मंद्रातून आणखी खाली उतरतानाही दम तुटत नाही. मी स्वतः अर्धा तास वाजवला आणि खाली ठेववेना.

दोष दोन होते. वाल्वची हवा जरा सुटत होती. ती बघायची रीत सोपी आहे. वाल्व न दाबता त्याची स्लाइड थोडी बाहेर ओढायची आणि मग वाल्व दाबायचा. वाल्व घट्ट असेल तर 'टप्प' असा आवाज येतो. पहिल्याचा आणि तिसऱ्याचा आला, दुसऱ्याचा नुसता उसासा. दुसरा दोष मोठा. माउथपीसपासून वाल्वपर्यंत जी बारीक नळी येते तिच्यावर मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तर पिवळ्या पितळेवर गुलाबी ठिपके दिसले, मसुराच्या डाळीएवढे, आणि प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा काळा बिंदू. हा आतून येणारा रोग. वर्षानुवर्षं थुंकी आणि ओल आत राहते, पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे उरतं ते तांब्याचं भुसभुशीत जाळं. बाहेरचा हिरवा कळंक पुसून निघतो, हा निघत नाही. मी नखाने टोचलं तर एका ठिकाणी नख किंचित आत गेलं. ती नळी बदलावीच लागेल. मोठ्या वेटोळ्यावर पाच-सहा पोचे होते, त्यांची काळजी मी केली नाही. नळी जिथे जाड तिथे पोचा सुराला फारसा बाधत नाही, जिथे बारीक तिथे तांदळाएवढा पोचाही सूर अडवतो.

पुतणीने तो खांद्यावर घेतला. या वेळी रस्ता दिसला. अंगणातून तुळशीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीत तिचा डावा खांदा खाली झुकायला लागला. कपड्याची चुंबळ करून खांद्यावर ठेवली, तरी झुकला. साडेअकरा किलो म्हणजे तिच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. तीन तासांच्या मिरवणुकीत हे ओझं तिच्या पाठीला परवडणार नाही. हे वाद्य मोठ्या माणसाचं आहे, ज्याचा खांदा आता कुरकुरायला लागलाय पण ज्याला बी फ्लॅट सोडायचा नाही त्याचं. नळी बदलून घेतली तर पुढची वीस वर्षं ते दगा देणार नाही असं मी खात्रीने सांगतो.

तिसरं वाद्य बार्देशातल्या एका जुन्या घरात. घरच्या आजी ऐंशीच्या पुढच्या, त्यांचे सासरे बँडमास्तर होते. वाद्य लाकडी पेटाऱ्यात, जुन्या चादरीत गुंडाळलेलं, भोंगा वेगळा. आजींनी चादर सोडली आणि म्हणाल्या, "वाजोवन पळय, बाबा," म्हणजे वाजवून बघ. चाळीस वर्षांत ते कुणी वाजवलं नव्हतं.

रंग काळपट राखाडी. बोटाने चोळलं तर खालून चांदी दिसली, चमकणारी नव्हे, मऊ, दुधाळ. त्या काळच्या चांगल्या अमेरिकन वाद्यांना असा निस्तेज चांदीचा मुलामा देत आणि भोंग्याच्या आत सोन्याचा हलका हात फिरवत. भोंग्याच्या आत कॉलरजवळ अजून बोटभर सोनं शिल्लक होतं. नक्षीच्या मध्ये 'सी. जी. कॉन लिमिटेड, एल्कहार्ट, इंडियाना'. यातला 'लिमिटेड' हा शब्द महत्त्वाचा. कारखाना १९१५ मध्ये कॉन यांच्याकडून कार्ल ग्रीनलीफ यांच्याकडे गेला आणि त्यानंतर नावामागे लिमिटेड लागलं. म्हणजे वाद्य त्यानंतरचं. दुसऱ्या वाल्वच्या कोठीवर नंबर शाबूत, शेजारी एल हे अक्षर, म्हणजे उतरती पट्टी, आजची. चादरीने ते वाचवलं, आणि कुणी ते चाकावर घासलं नाही याचं श्रेय त्या घराला.

पुतणीने सा लावला. आवाज आधी फुसका आला, मग भोंग्यातून धूळ आणि एक मेलेला कोळी बाहेर पडला आणि सूर मोकळा झाला. वर म. ई फ्लॅट. कड्याचा आतला व्यास माझ्यापेक्षा जवळजवळ वीतभर कमी, भोंगा २२ इंच, वजन नऊ किलो दोनशे. माउथपीस तिच्या ओठांसमोर आला, तिला मान वर करावी लागली नाही, खाली घालावी लागली नाही. माउथपीसच्या आधी जे वाकडे तुकडे लागतात, ज्यांना आम्ही बिट म्हणतो, ते दोन फिरवून पाहिजे तो कोन मिळतो. यांतला एकच पेटाऱ्यात होता. कड्याचा तळ तिच्या उजव्या कमरेशी टेकला आणि तिथेच राहिला.

ई फ्लॅटचा बास म्हणजे मुलांचा बास, असं आमच्यात बरेच जण मानतात. मीही मानायचो. हे वाद्य दोन महिने शेजारी ऐकल्यावर मला ते मत बदलावं लागलं. आमच्या बँडमध्ये चौदा माणसं. एवढ्यांच्या खाली माझा मेरठवाला आणि हा कॉन एकत्र वाजतात तेव्हा माझा सूर जमिनीसारखा पसरतो आणि तिचा सूर त्यावर ठसा उमटवतो. मार्चमध्ये पावलाचा ठोका तिच्याकडून जास्त स्वच्छ येतो. चर्चच्या फेस्ताला गायन चालू असतं तेव्हा मी थांबतो आणि ती एकटी बास धरते, गाणाऱ्यांचा आवाज दबत नाही.

पण एक किंमत मोजावी लागते. खालचा सा, काळी पाचचा मंद्रातला, माझ्या वाद्यावर वाल्वशिवाय लागतो. तिला तो पहिला आणि तिसरा वाल्व एकत्र दाबून काढावा लागतो, आणि हीच जोडी बहुतेक पिस्टनवाद्यांवर चढी लागते. कारण साधं हिशोबाचं आहे. प्रत्येक वाल्वची नळी एकट्याने दाबण्यासाठी मापलेली असते. दोन एकत्र दाबले की वाद्याची एकूण लांबी वाढलेली असते आणि त्या मानाने त्यांची भर कमी पडते. या वाद्यावर सुमारे नऊ सेंटिमीटर कमी पडतात. म्हणजे वाजवतानाच डाव्या हाताने पहिल्या वाल्वची स्लाइड साडेचार सेंटिमीटर ओढायची आणि पुढच्या सुराला परत ढकलायची. आता तिचा हात आपोआप जातो. सुरुवातीचे दोन आठवडे प्रत्येक मंद्र सा माझ्या दाढेला लागत होता.

बोटंही बदलली. सा दोन्ही वाद्यांवर मोकळा, पण रे ला माझ्याकडे पहिला वाल्व, तिच्याकडे पहिला आणि दुसरा. ग माझ्याकडे मोकळा, तिच्याकडे दुसरा. नोटेशन वाचण्याची एक जुनी युक्ती आहे, ती आमच्या मास्तरांनी तिला सांगितली. बास क्लेफमध्ये लिहिलेलं पान ट्रेबल क्लेफ समजून वाचायचं आणि तीन शार्प वाढवायचे, ई फ्लॅटच्या वाद्यावर तेच बोट येतं. एका रविवारच्या सकाळी तिने हे आत्मसात केलं.

वाद्याचे दोष लपवत नाही. तिसऱ्या वाल्वची स्लाइड पूर्ण जाम होती. एका सांध्यावर कुणीतरी डाग देऊन सांधण्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून ठेवली होती, ती सुटली तेव्हा खाली केसाएवढी भेग निघाली. पहिल्या वाल्वचा 'टप्प' मवाळ आहे. आणि एक आधार सुटलेला होता, त्यामुळे मंद्र प ला संपूर्ण वाद्य झणझणायचं, जणू आत माशी अडकलीय. डिचोलीकडच्या एका तांबटांकडे नेलं. ते समया घडवतात, वाद्याचं काम त्यांनी कधी केलं नव्हतं. पण त्यांचा हात मला माहीत होता. त्यांनी स्लाइडला तीन दिवस रोज थोडं पातळ तेल सोडलं, चौथ्या दिवशी बाहेरची नळी गरम केली, आत दोरी ओवून हळूहळू ओढली. पिळून नाही, ठोकून नाही. ती बाहेर आली तेव्हा आतला भाग नव्यासारखा पिवळा होता. भेगेला त्यांनी कथलाचा मऊ डाग दिला, कारण जास्त आच दिली असती तर शेजारचे सांधे सुटले असते आणि मुलामा जळला असता. चांदी उजळायला त्यांनी चिंच लावायची तयारी केली होती, ती मी थांबवली. आम्ही ती कोमट पाण्याने आणि अंगाच्या साबणाने नहाणीत धुतली, बस.

वाद्याचे आजींनी पंचावन्न हजार घेतले, तांबटांनी साडेआठ. पॅन अमेरिकन चाळीसला मिळत होता. किमतीवरून मी ठरवलं नाही, पण आकडे माहीत असावेत म्हणून लिहिले.

आता तेलाबद्दल, कारण आपल्याकडे हे नेहमी चुकतं. खोबरेल तेल घरात असतं म्हणून जुने वादक वाल्वमध्ये तेच घालायचे. मीही घातलंय. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरात फेस्ताच्या पहाटे चार वाजता अल्वोरादला उभे राहिलो आणि माझा दुसरा वाल्व दाबला तो वर आलाच नाही. घराघरांतून दिवे लागत होते, लोक खिडक्यांत आले होते आणि मी अख्खा पहिला तुकडा एका वाल्वशिवाय वाजवला. त्या दिवसापासून वाल्वचं पातळ तेल आणि दर आठवड्याला पुसणं. पावसाळ्यात दर दोन दिवसांनी. समुद्राची हवा आणि जुलैची ओल पितळेला सोडत नाही, म्हणून वाजवून झालं की पाणी काढायच्या चावीवर न थांबता वाद्य खांद्यावरून काढून, कड्यासकट फिरवून, सगळं पाणी माउथपीसच्या बाजूने ओतून टाकायचं. पॅन अमेरिकनच्या त्या गुलाबी ठिपक्यांची सुरुवात न ओतलेल्या पाण्यानेच झाली होती.

हेलिकॉन परवापर्यंत शोकेसमध्ये होतं. पॅन अमेरिकन आमच्याच बँडच्या एका वादकाने त्या खराब नळीसकट घेतला, नवी नळी मेरठहून मागवलीय. कॉनने शिगम्याच्या मिरवणुकीत साडेतीन तास काढले आणि मे महिन्यात खुर्सांच्या, म्हणजे क्रॉसांच्या, फेस्तांना सात संध्याकाळी. पुतणी घरी येते तेव्हा तिच्या डाव्या खांद्यावर लाल वळ असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी नसतो. दुसरा बिट अजून मिळालेला नाही. तांबटांनी पहिल्याचा मेणाचा ठसा घेऊन ठेवलाय, चतुर्थीच्या आधी देतो म्हणालेत. तोवर एकाच बिटावर ती मान किंचित डावीकडे वळवून वाजवते, आणि मिरवणुकीत मी मुद्दाम तिच्या उजव्या हाताला चालतो, म्हणजे त्या बाजूचे खड्डे मला बघता येतात.